कामतघरमधले चार तास

नाशिकहून सकाळी सहाला निघालो, तेव्हा आईने मागच्या सीटवर ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. त्यात मावशीसाठी घेतलेलं मऊ सुती लुगडं होतं. आई आणि मावशी या सख्ख्या बहिणी नऊ वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आजीच्या शेवटच्या आजारात कुणी किती केलं, यावरून दोघींच्या तोंडून नको ते शब्द गेले होते. आदल्या संध्याकाळी अंथरुणाला खिळलेल्या मावशीच्या मुलाचा, बाळूदादाचा, दिघाशीहून मला फोन आला. "आईचा आवाज अजून हाय. उद्याचं सांगता येत न्हाय. शालूमावशीला घेऊन ये."

गाडी दहा वर्षांची जुनी. कसारा घाट उतरल्यावर ती पहिल्यांदा बंद पडली. थोडी थंड झाली तशी सुरू झाली. पडघ्याला पुन्हा तेच. वडप्याला मात्र गोदामांच्या रांगेसमोर जी थांबली, ती हललीच नाही. ट्रकमधून पोती उतरवणारे दोघे धावत आले आणि त्यांनी ढकलून ती कडेला लावली. एका टेम्पोवाल्याने दोर बांधला. म्हणाला, "मॅडम, कामतघरला जनार्दनशेठकडे नेतो. जुन्या गाड्यांना तोच बरा."

कामतघरला शिरलो आणि यंत्रमागांच्या खडखडाटात एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. चाळीच्या टोकाला पत्र्याची शेड, तेच गॅरेज. जनार्दन पन्नाशीचा, जाडजूड हातांचा. त्याने मला स्टार्टर मारायला लावला, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पाहिला आणि म्हणाला, "क्रँक सेन्सर गेलाय. इंजिन फिरतंय, हे त्या सेन्सरनं गाडीला सांगायचं. तो तापला का मुका होतो."

"किती वेळ लागेल?"

"तासभर. पण बसवलाय अशा जागी, का देव पण हात घालणार न्हाय."

आईने माझा दंड धरला. "आपण रिक्षा करू गं."

आईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन महिनेच झाले होते. दिघाशीचा रस्ता खड्ड्यांचा. मी म्हटलं, "एक तासाचा प्रश्न आहे आई. गाडीनेच नीट जाऊ." अकरा वाजले होते.

कल्याण नाक्यावरून नवा सेन्सर आणायलाच पाऊण तास गेला. मग जनार्दनने एअर फिल्टरचा डबा काढला, पाइप सोडवले आणि इंजिनाच्या मागच्या फटीत लांब पाना घालून बोल्ट ढिला केला. जो दाबल्याशिवाय सेन्सरची वायर सुटत नाही तो खटका मात्र एका नळीमागे होता, दिसत नव्हता. जनार्दनचा हात मनगटाशीच अडकायचा. खाली झोपून पाहिलं, वरून पाहिलं. पक्कड घातली तर ती निसटायची. साडेबारा वाजले, मग एक. मी शेडच्या दारात उभी राहून नुसती बघत होते.

शेजारच्याच खोलीत जनार्दनची बायको मंदा कांड्या भरत होती (कांडी म्हणजे मागाचा आडवा धागा विणणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची छोटी नळी). आईला तिने खाटेवर बसवलं होतं, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं होतं. दीडच्या सुमारास लाइट गेली. लोडशेडिंग. एकाएकी सगळे माग थांबले, आणि त्या शांततेत मला आईचा आवाज ऐकू आला. ती मंदाला सांगत होती, "मी तिला म्हटलं होतं, तू आईची सेवा लोकांना दाखवायला करतेस. असं म्हणायला नको होतं मी." नऊ वर्षांत हे वाक्य तिने मला कधी सांगितलं नव्हतं.

मंदा उठून बाहेर आली. नवऱ्याला म्हणाली, "सरका. मी हात घालते."

"तुझं काम न्हाय ते. आत पत्रा धारदार हाय."

"त्या मावशींना जायचं हाय. सरका म्हटलं ना!"

तिने बांगड्या वर सारल्या. तिचा हात अरुंद होता, बोटं लांब. कोपरापर्यंत हात आत गेला आणि तिने डोळे मिटले. "नळी... वायर... हां, खटका लागला." तिचा चेहरा वेडावाकडा झाला, पण हात मागे आला नाही. जनार्दन हळू आवाजात सांगत होता, "दाब, दाबून वर वढ." खट्‌ असा आवाज झाला. हात बाहेर आला, तेव्हा कोपराखाली खरचटल्याचा लाल पट्टा उठला होता. नवा सेन्सर जोडायला तिने पुन्हा तोच हात आत घातला.

तीन वाजता गाडी सुरू झाली. आईने मंदाचा हात दोन्ही हातांत धरला.

दिघाशीला पोहोचलो तेव्हा बाळूदादा ओट्यावरच उभा होता. त्याचा चेहरा पाहूनच मी समजले. "दुपारी बोलणं बंद झालं," तो म्हणाला. "बारा वाजेपर्यंत विचारत व्हती, शालू आली का."

आई खाटेशी बसली. मावशीचे डोळे उघडे होते, पण नजर आढ्याला लागलेली. आईने तिच्या कानाशी तोंड नेलं आणि खूप वेळ काहीतरी सांगत राहिली. मग लुगडं तिच्या अंगावर पांघरलं. मावशीचं बोटही हललं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

दहावं उरकून आम्ही परत निघालो. कसारा येईपर्यंत मी धीर गोळा करत होते. शेवटी म्हटलं, "आई, मी तेव्हाच तुझं ऐकायला हवं होतं. तुमचं बोलणं झालं असतं."

आई समोर बघत होती. "त्या चार तासांचं काय घेऊन बसलीस?" ती म्हणाली. "नाशिकहून निघायलाच मला नऊ वर्षं लागली."

समोर घाट सुरू झाला होता. मी गिअर बदलला आणि गाडी चढू लागली.