अरुळप्पनची एक पंगत
अरुळप्पन माझ्या स्वयंपाकघरात उभ्यानं जेवतो. कितीही सांगा, हा आपला भिंतीला टेकून, ताटली हातात. मला आधी राग येतो, मग रडू येतं.

तंजावरच्या मुलींच्या वसतिगृहात तो बावीस वर्षं आचारी आणि मी देखरेखीला. मी चंद्रमती, मराठी घरची. तो तमिळ ख्रिस्ती. मला अक्का म्हणतो. लहानपणी त्याच्या गावच्या चर्चमध्ये सणाचं जेवण असलं की याच्या बापाला मागच्या अंगणात बसवायचे. जात खालची ना! बाप्तिस्मा तोच, येशू तोच, पंगत तेवढी वेगळी. बापाच्या मांडीला मांडी लावून हाही तिथंच जेवायचा. ते त्याच्या घशात कायमचं अडकलं.

म्हणून ओरत्तनाडूजवळ नऊ ख्रिस्ती कुटुंबांनी मिळून जमीन घेतली, एकत्र शेती आणि एकच चूल ठरवली, तेव्हा सगळ्यात आधी यानं हात वर केला. बायको घाबरत होती. तो मला विचारायला आला. मी मोठी शहाणी! म्हटलं, आपली माणसं एकमेकांना धरून राहिली की टिकतात. आमचंच बघ, तंजावरला येऊन साडेतीनशे वर्षं झाली तरी चुलीपाशी मराठी आहे. जा खुशाल.

सुरुवातीला खरंच छान होतं. टीव्ही नाही, फोन नाही. पहाटे प्रार्थना, मग शेत, दुपारी सगळ्यांची एक पंगत. जात कुणी काढायची नाही. मी भेटायला गेले की सांबाराची बादली घेऊन अरुळप्पन असा वाढत फिरायचा की मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

पुढे मुलं बाहेर जाऊ लागली आणि मोठ्यांना धास्ती बसली. नियम झाला: जो बाहेर लग्न करील त्याला पंगत नाही, आपल्या चुलीवरचं अन्न नाही. त्यालाही अरुळप्पननं हात वर केला. त्याची अमला तेव्हा अकरा वर्षांची होती.

अमला नर्स झाली आणि तिनं पापनाशमच्या मुलाशी लग्न केलं. मुलगा ख्रिस्तीच हो, दर रविवारी चर्चला जाणारा. पण बाहेरचा. चार वर्षं पोरीचं तोंड पाहिलं नाही कुणी. आई झुरून झुरून गेली, तेव्हा अमला मातीला आली. मीही होते.

नंतर जेवणं मांडली. पंगतीत बसायची बंदी, म्हणून अमला आपणच केळीचं पान घेऊन मागच्या अंगणात जाऊन बसली. पानावर पाणी शिंपडलं. अरुळप्पन बादली घेऊन तिच्यापर्यंत आला. सगळे बघत होते. मीही नुसती बघत राहिले. तो न वाढताच मागे फिरला.

अमलानं कोरं पान दुमडलं. म्हणाली, "अप्पा, आजोबांना इथंच बसवत होते ना?" आणि बस पकडायला निघून गेली.

कुंपणानंच शेत खाल्लं. महिन्याभरात अरुळप्पन ती वस्ती सोडून आला. आता आमच्या मागच्या खोलीत राहतो. मी त्याला ओढत पापनाशमला नेलं. अमला रागावली नाही. त्याला नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या मध्ये बसवलं, पहिलं त्यालाच वाढलं. यानं एकही घास घेतला नाही. पानावर हात ठेवून बसून राहिला.

परतताना बसमध्ये म्हणाला, "अक्का, तिनं मला बाहेर बसवायला हवं होतं."

तेव्हापासून तो कुणाच्याच पंगतीला बसत नाही. ती दोनदा न्यायला आली, हा मागच्या दारानं निघून गेला. पाया पडले, शिव्याही दिल्या, ढिम्म. मी रोज दोन पाट मांडते. तो उभा राहतो. मग मीही ताटली उचलते आणि त्याच्या शेजारी उभ्यानं जेवते. जा खुशाल, असं मीच म्हटलं होतं ना.