पियानोला पाजलेलं तेल
खंडेनवमीला शिलाई मशीनला तेल घालताना त्या वासानं मला वसमतचं ते घर आठवतं, जिथं मी चार वर्षं झाडलोट केली. हळदीच्या व्यापारात पैसा आला तसा मालकानं हैदराबादेहून टेबलासारखा चौकोनी, जुना पियानो आणला. वाजवता कुणालाच येत नव्हता. पाहुण्यांना दाखवायचा आणि पुन्हा झाकणाला कुलूप लावायचं. खंडेनवमीला त्यानं हळद पॉलिशच्या मशीनसारखी त्याचीही पूजा केली आणि आतल्या, तारा गुंडाळलेल्या खुंट्यांना वाटीभर तेल पाजलं. पुढं सूर लावायला हैदराबादचे एक म्हातारे चाचा आले. ते तार ताणायचे, की खुंटी लगेच सैल फिरायची. "तेल कुणी ओतलं हो? आता ह्या खुंट्या सूर धरणार न्हाईत," ते म्हणाले. मालकानं माझ्याकडं बोट केलं, "हिनंच. चौथी शिकलेली बाई, हिला काय कळून राहिलं!" चाचांनी हत्यारं पिशवीत भरता भरता विचारलं, "साहेब, कुलपाची चाबी कुणापाशी राहते?" चाबी मालकाच्याच गळ्यातल्या सोन्याच्या साखळीत लटकत होती. दुसऱ्या दिवशी त्यानं मला कामावरून काढलं. काम गेल्याचं आता काही वाटत नाही. असल्या माणसाला मी चार वर्षं मान खाली घालून मालक म्हणत होते, त्याची मात्र लाज वाटते.