अक्कांची तार आणि सरांचं ‘ठीक आहे’

सलीमभाईंच्या दुकानात एक पत्र्याचा डबा आहे. पंपाच्या जळालेल्या मोटारीतून निघालेले तारेचे तुकडे ते त्यात टाकत राहतात, ‘कधीतरी कामाला येईल’ म्हणून. आमच्या मंडळाच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. दर रविवारी एखादा पडतो आणि डबा काही रिकामा होत नाही. म्हटलं, आज ओतूनच टाकावा.

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. सलीमभाई जळगावात शेतकऱ्यांच्या पंपाच्या मोटारी रिवाइंड करतात, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळतात. भास्करभाऊ असोद्याचे, केळी आणि कापूसवाले. मी कॉलेजात फिजिक्सचा लॅब असिस्टंट. आणि धुळ्याचे देवरे सर, पॉलिटेक्निकमधून रिटायर झालेले. गाणं ऐकायचं तर स्पीकरची वायर आपल्या हातानं बनवून ऐकायचं, हे आमचं वेड. घरचे लोक यापेक्षा कडक शब्द वापरतात.

सर म्हणजे आमचं सुप्रीम कोर्ट. त्यांची खुर्ची ठरलेली, बासरीची सीडी ठरलेली आणि निकालही ठरलेला : “ठीक आहे.” म्हणजे नापास! सर एरवी पुस्तकातलं मराठी बोलतात. पण मनापासून खूश झाले की तोंडून घरची अहिराणी निघते. नातू झाला तेव्हा निघाली होती, असं त्यांच्या मिसेस सांगतात. वायर ऐकून कधीच नाही.

पहिल्याच भेटीत सरांनी सलीमभाईंची वायर परत केली. म्हणाले, “मोटारीची तार मोटारीतच बरी.” सलीमभाईंचे वडीलही जन्मभर मोटारीच बांधायचे. ते वाक्य सलीमभाईंना फार लागलं. परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत ते ती वायर नुसती गुंडाळत आणि सोडत राहिले. मग म्हणाले, “एक दिन सरांच्या तोंडून अहिराणी काढीन. आणि वायर मोटारवाल्याच्याच हातची असेल. लिहून ठेवा!”

मी खरंच लिहून ठेवलं होतं.

* * *

आधी माझी फजिती सांगून टाकतो. मी सलीमभाईंकडून मोटारीची वाइंडिंगची तार आणली, सुंदर वेणी घातली, धुळ्याला नेली आणि सरांच्या स्पीकरला जोडली. सर डोळे मिटून बसले. एक मिनिट गेलं. दोन गेली. भास्करभाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “भो, बॅकग्राउंड किती शांत हाये!”

मलाही वाटलं, काय वायर बनलीय! तिसऱ्या मिनिटाला सलीमभाई उठले, वायरचं टोक पाहिलं आणि खिशातून ब्लेड काढलं. वाइंडिंगच्या तारेवर लाखेसारखा पातळ थर असतो. तो खरवडल्याशिवाय करंट पुढे जात नाही. मी खरवडलाच नव्हता!

सरांनी वहीत नोंद केली, ती अजून आहे. ‘आवाज : नाही. इतर दोष आढळला नाही.’

* * *

मग भास्करभाऊंच्या डोक्यात चांदी शिरली. कुठंतरी वाचलं होतं, चांदीसारखा दुसरा कंडक्टर नाही. जळगावात राहून चांदीला काय तोटा! सराफ बाजारात ओळखीचा सोनार होता. त्यानं वही उघडली.

“माप?”

“वीस फूट.”

सोनारानं चष्मा वर केला. “भाऊ, कंबर कुणाची आहे?”

“स्पीकरची,” भास्करभाऊ म्हणाले. सोनारानं त्यांना आधी पाणी दिलं. मग तार ओढून दिली.

सरांनी बासरी लावली. सगळं ऐकून म्हणाले, “ठीक आहे. वरचे सूर जरा टोचतात.” भास्करभाऊ ती भेंडोळी घेऊन घरी गेले. वहिनींनी एकदाच हातात घेतली, वजन पाहिलं आणि आत गेल्या. दिवाळीला त्यांच्या पायात नवे पैंजण होते. आम्ही विचारलं तर म्हणाल्या, “मले नाही टोचत!”

* * *

सलीमभाई मात्र हटले नाहीत. रिवाइंडिंग करणाऱ्याची बोटं काय चीज असतात, ते सरांनाही एकदा कळलं.

सरांनी लांबून एक रीळ मागवलं होतं. वर ठळक छापलेलं : शंभर टक्के शुद्ध तांबं. सर म्हणाले, “थांबा, मीटर आणतो. रेझिस्टन्स मोजून पाहू.” ते आत गेले. सलीमभाईंनी रीळ उचललं, तळहातावर जोखलं आणि खाली ठेवलं.

सर मीटर घेऊन बाहेर आले, तर सलीमभाई म्हणाले, “सर, हलकं आहे. आत ॲल्युमिनियम आहे.”

“मोजल्याशिवाय असं म्हणता येत नाही.”

सलीमभाईंनी ब्लेड फिरवलं. लाल रंग निघाला आणि आतून पांढरी तार चमकली. सरांनी ते टोक हातात घेऊन नखानं खरवडून पाहिलं. नंतर मीटर पेटीत ठेवलं आणि स्वतः आत जाऊन चहा करून आणला. सरांच्या हातचा चहा आम्हाला त्याआधी कधी मिळाला नव्हता!

मी बसमध्ये म्हटलं, “जिंकलात की!” सलीमभाई म्हणाले, “चहा झाला. अहिराणी राहिली.”

* * *

आता मुख्य पराक्रम. असोद्याला भास्करभाऊंच्या अंगणात आम्ही बसलो होतो. त्यांच्या आई, म्हणजे आमच्या अक्का, लुगडी वाळत घालत होत्या. सलीमभाई बोलता बोलता उठले आणि कपड्यांच्या तारेला नख लावून बघायला लागले. वर हिरवट चढलेलं, आत लालबुंद! भास्करभाऊंच्या वडिलांनी पंपाच्या अर्थिंगची उरलेली तार तीस-पस्तीस वर्षांपूर्वी तिथं बांधली होती.

“भाऊ, ये पुराना माल है. असं तांबं आता हाताला लागत नाही.”

भास्करभाऊंनी पुढचा विचार केला नाही. अक्का आत गेल्याबरोबर लुगडी गोठ्याच्या भिंतीवर टाकली आणि तार सोडवली. नेमकी एक म्हैस त्या भिंतीपाशी होती. पुढचं सांगत नाही. अक्कांचा आवाज शेजारच्या गल्लीत गेला, तिथून लोक पाहायला आले.

“कोन्या मेल्यानं माही तार सोडली?”

सलीमभाई हात जोडून पुढे आले. “अक्का, मी. माझ्या इज्जतीचा सवाल आहे.” आणि त्यांनी सगळं सांगितलं, सरांचं ते वाक्यसुद्धा. अक्का ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “असं बोल्ला तो? ने बापा तार. पन मले बदली दुसरी पायजे.”

तार चिंचेनं घासली. जाड होती, म्हणून पुन्हा त्याच सोनाराकडे नेऊन बारीक ओढून घेतली. “आता कोणाची कंबर?” त्यानं विचारलंच! ओढून तार ताठ झाली होती. सलीमभाईंनी ती लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकली, तेव्हा दोऱ्यासारखी मऊ झाली. राहिलं वरचं आवरण. प्लास्टिक नको होतं. ते काम अक्कांनीच घेतलं. घरच्या कापसाचं, वातीसाठी काढलेलं सूत त्यांनी दोन रविवार बसून तारेवर गुंडाळलं. कुठे एक फट नाही!

* * *

धुळ्याला निघालो तेव्हा सलीमभाईंनी नवा शर्ट घातला होता. बसमध्ये पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

सरांनी नियमाप्रमाणे खोलीत सगळ्यांना मागं बसवलं आणि स्वतः डोळ्यांवर रुमाल बांधला. मी आधी त्यांची स्वतःची परदेशी वायर लावली. अंगठ्याएवढी जाड, वर जाळीदार कापड. सर म्हणाले, “ही माझी.” बरोबर! मग अक्कांची लावली.

बासरी सुरू झाली. सलीमभाई खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता. सर खुर्चीत हळूहळू पुढे सरकले. आणखी पुढे. आणि एकदम ओरडले,

“अरे भो! हाऊ श्वास ली ऱ्हायना!”

बासरीवाला दोन सुरांच्या मध्ये श्वास घेत होता. इतकी वर्षं त्याच सीडीत घेत होता आणि सरांना तो आज पहिल्यांदा ऐकू आला! मिसेस देवरे स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांना वाटलं, दुसरा नातू झाला. भास्करभाऊंनी मला उचललं. सलीमभाईंनी डोळे पुसले आणि ते लपवलंही नाही.

सरांनी रुमाल सोडला. “सलीमभाई, तांबं कुठलं? जपानी?”

“असोद्याचं.”

“असोद्याला कारखाना कधी निघाला?”

“कारखाना नाही, सर. अक्कांची लुगडी वाळत घालायची तार आहे. आणि हात मोटारवाल्याचा.”

सर उठले. सलीमभाईंचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, “मी चुकलो.” मग आपली परदेशी वायर गुंडाळून भास्करभाऊंच्या हातात दिली. “अक्कांना सांगा, बदली पाठवली. त्यांची मी परत देणार नाही.”

येताना बसमध्ये मी सलीमभाईंना म्हटलं, “आता एक तुमच्या घरच्या स्पीकरसाठी बनवा.” ते रिकाम्या पिशवीची घडी घालत म्हणाले, “साहेब, माझ्याकडे स्पीकर कुठे आहे?”

* * *

थंडीत सर असोद्याला भरीत खायला आले. भरीत, कळण्याची भाकरी, सगळं झालं. हात धुवायला अंगणात गेले आणि तिथंच थबकले. दोन खांबांच्या मध्ये त्यांची ती परदेशी वायर ताणून बांधलेली आणि तिच्यावर अक्कांची चार लुगडी.

सरांनी वायरला हात लावून पाहिलं. मग अगदी परीक्षकाच्या सुरात विचारलं, “अक्का, कशी आहे वायर?”

अक्कांनी लुगडं झटकलं, चिमटा लावला आणि जरा विचार करून म्हणाल्या,

“ठीक हाये.”