ब्रेकवरचं कुंकू

माझ्या लेकीने, सुनंदाने, ब्रेक दाबला तरी पिकअप पुढेच पळत होती. समोर उसाची ट्रॉली बंद पडलेली आणि तिच्याखाली एक माणूस चाक काढत होता. "आई, गाडी वेग सोडत नाही गं," ती म्हणाली. "मग चावी बंद कर, माझं तोंड काय बघतेस?" मी ओरडले. तिने केली. ट्रॉलीपासून हातभरावर गाडी थांबली.

आमच्या जुन्या गाडीला वेग धरून ठेवायचं बटण आहे. ते दाबलं की पाय न लावता गाडी पळते आणि ब्रेक लागताच वेग सुटायला हवा. गॅरेजात रफिक मिस्त्रीने सुनंदाला ब्रेक दाबायला लावून मागे जाऊन पाहिलं. ब्रेकचा लाल दिवा लागेना. तसा तो ब्रेकच्या पेडलखाली डोकं घालून आडवा झाला. तिथे वर एक लहानसा स्विच असतो, त्याची पिन आत चिकटली होती.

"मावशी, इथवर कुंकू कुणी थापलं?"

"मी. दसऱ्याला, तेलात कालवून. हात पोचला तिथवर."

"देवाला बाहेरून नमस्कार करतात, त्याच्या नाकात बोट घालत नाहीत."

त्याने पिन पेट्रोलने धुतली आणि दिवा लागला. मी स्वतः आत वाकले, सुनंदाला पुन्हा पुन्हा ब्रेक दाबायला लावला. पाय पडला की पिन टुणकन बाहेर, उचलला की आत. पाय पडल्याची बातमी इंजिनाला एवढीशी पिन देते! इतकी वर्षं यंत्रांना हात जोडले, पण आत काय चालतं ते एकदाही वाकून पाहिलं नाही. आता घरातली शिलाई मशीनही उघडून बघावीशी वाटते.

त्या दिवशी सुनंदा, मी आणि ट्रॉलीखालचा तो माणूस, तिघंही वाचलो.