चावी नसलेला रेडिएटर

डिम्पना गॅलोग्ली ही आमच्या लीट्रिम परगण्यातली सर्वांत हट्टी बाई, हे मी तिच्या तोंडावर चाळीस वर्षं सांगत आलो. तिचा थोरला भाऊ मॅलकी तिच्याहून हट्टी, पण तो पुरुष पडला म्हणून लोक त्याला तत्त्वाचा माणूस म्हणायचे. दोघांनीही लग्न केलं नाही. आमच्या वाटेच्या टोकाच्या दुमजली घरात ती दोघं जन्मभर एकमेकांशी भांडत राहिली, आणि त्या भांडणात तिसऱ्या कुणाला जागाच नव्हती. डिम्पना शाळेत स्वयंपाक करायची. तिच्या हातचा कोबी खाऊन वाढलेल्या दोन पिढ्या अजूनही ताटात कोबी दिसला की गप्प होतात.

ब्याऐंशीव्या वर्षी मॅलकी गोठ्यात घसरला आणि त्याचा खुबा मोडला. इस्पितळातून त्याला थेट वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. त्याचं हृदयही थकलं होतं, आणि डॉक्टर उन्हाळ्याच्या पुढचं काही बोलायला तयार नव्हते. जानेवारीतल्या एका रविवारी डिम्पना भेटायला गेली तेव्हा तो म्हणाला, "मला घरी ने."

"इथं काय वाईट आहे? ऊब आहे, दोन वेळचं जेवण आहे."

"इथं मला सगळे सोन्या म्हणतात. सोन्या म्हणणाऱ्यांच्या हातून मला मरायचं नाही."

"मग काय म्हणायला हवं तुला?"

"तू म्हणतेस ते. गाढव."

बसमधून परत येताना ती रडली, हे तिने मला पुष्कळ नंतर सांगितलं. तेव्हा फक्त एवढंच म्हणाली, "त्याला घरी आणायचंय, फर्गल. तुझी ती मेलेली झाडं मला लागतील."

अडचण नर्स ग्रॅलीची होती. ही बाई घरोघर फिरून म्हाताऱ्यांची तपासणी करायची. तिने एकच अट घातली: मॅलकीच्या खोलीत रात्रंदिवस वीस अंश ऊब हवी, नाहीतर तो आहे तिथेच बरा. त्या महिन्यात डिम्पनाच्या स्वयंपाकघरात लोणी फ्रीजबाहेर काढलं की आणखी घट्ट व्हायचं. खोल्या तापवायला घरभर गरम पाण्याचे पाइप होते, भिंतींना आठ लोखंडी रेडिएटर होते, अंगणात तेलावरचा बॉयलरही होता. पण तेलवाल्याची नवी गाडी मोठी आली आणि आमच्या वाटेच्या वळणावर मावेना. त्यामुळे तीन वर्षं ते आठही रेडिएटर मोजे वाळत घालायच्या कामी आले होते. माझ्या बांधावरची ॲशची झाडं मात्र रोगाने धडाधड मरत होती, आणि ते लाकूड ओलं असलं तरी जळतं. म्हणून डिम्पनाने ठरवलं, पाठीला पाण्याची पेटी असलेला, लाकडावर चालणारा लोखंडी स्टोव्ह आणायचा आणि त्याच जुन्या पाइपांना जोडायचा. थोडक्यात बंबच, फक्त अंघोळ घराला घालायची.

काहल मगोर्टी हा आमच्याकडचा प्लंबर. काम चोख, हात संथ, आणि पन्नाशी उलटली तरी आईला घाबरणारा. त्याने स्टोव्ह बसवला आणि आम्हाला समोर उभं करून शिकवणी घेतली.

"पाणी तापलं की आपोआप वर जातं. वर जायला त्याला पंप लागत नाही. पण मध्येच खाली उतर म्हटलं तर ते ऐकत नाही."

"मॅलकीसारखं," मी म्हणालो.

"वादळात वीज जाते, बाकीच्या रेडिएटरांना पाणी ढकलणारा पंप बंद पडतो. आग काही बंद पडत नाही. मग ती उष्णता जाणार कुठे? म्हणून स्टोव्हच्या बरोबर वरच्या खोलीत एक रेडिएटर असा ठेवायचा, ज्याला चावीच नाही. बाकीचे सात उघडा, मिटा, काय हवं ते करा. हा एक बंद करता येणार नाही. याला कधीही, कुणीही चावी बसवायची नाही. नाहीतर पाणी उकळेल आणि स्टोव्ह फुटेल."

बरोबर वरची खोली मॅलकीची होती. डिम्पनाला हे इतकं आवडलं की तिने काहलला केकचा दुसरा तुकडा दिला, आणि ही तिच्याकडून सहसा न घडणारी गोष्ट.

पाइप भिंतीवरून तिरका चढत जायचा होता, आणि त्याच्या वाटेत येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती. आमच्याकडे प्रत्येक स्वयंपाकघरात ती असते, खाली तांबडा दिवा, छातीत पेटलेलं हृदय. ही डिम्पनाच्या आईने लग्नाच्या दिवशी टांगली होती आणि नंतर रंग देतानासुद्धा कुणी हलवली नव्हती. रंगारी चौकटीच्या कडेने रंग देऊन जायचा. काहल तसबिरीपाशी थांबला. तिच्याकडे पाहिलं, डिम्पनाकडे पाहिलं, आणि पाइप वळवून वीतभर खाली घेतला, चौकटीखालून नेला आणि पलीकडे पुन्हा वर चढवला. शिडी मी धरली होती. नुकतीच ऐकलेली शिकवणी मलाही आठवत होती. पण मीही याच गावात वाढलोय, त्यामुळे गप्प बसलो.

मंगळवारी दुपारी स्टोव्ह पेटवला. गुरुवारी नर्स ग्रॅली येणार होती. अर्ध्या तासात भिंतीतून ठोके सुरू झाले. आधी एकेक, मग कुणी आतून लाथा घालाव्यात तसे धाडधाड. वरच्या रेडिएटरला हात लावला तर तो बर्फासारखा.

डिम्पना पांढरी पडली. "आई आहे," ती म्हणाली. "रागावली की भांडी अशीच आपटायची."

काहल तोवर निखारे बादलीत ओढून अंगणात पळाला होता. परत आला तो मान खाली घालून. "तुमची आई नाही. हवा आहे. पाइप खाली उतरतो तिथं अडकलीय, पाणी पुढे जात नाही. तसबीर हलवावी लागेल."

"मग हलव."

"मी? माझ्या आईला कळलं तर?"

"तुझी आई पंधरा मैलांवर राहते."

"तिला कळतं."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "माझी पाठ धरलीय."

"सकाळी सहा ओंडके उचलताना नव्हती धरली," डिम्पना म्हणाली, आणि खुर्ची ओढून स्वतःच वर चढली. चौकटीला हात लावून ती शेजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "हे बघ देवा, तुझ्या छातीत जाळ आहेच. मॅलकीच्या खोलीत नाही. जरा सरकून घे."

आणि काढली. आकाश काही कोसळलं नाही. भिंतीवर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीच्या रंगाचा एक हिरवा चौकोन तेवढा दिसला, आणि तो रंग भयानक होता. नंतर ती म्हणाली की नरकाची भीती वाटली खरी, पण गुरुवार हुकण्याची त्याहून जास्त वाटली. काहलने बुधवारभर खपून पाइप सरळ चढता केला. गुरुवारी नर्स ग्रॅलीने मॅलकीच्या खोलीत पारा पाहिला तेव्हा तो बावीसवर होता. "थोडं जास्तच झालं," ती म्हणाली. डिम्पनाने तिला केकचा एकच तुकडा दिला.

शुक्रवारी मॅलकी घरी आला. दोघा जणांनी खुर्चीसकट वर नेलं, तर याचं पहिलं वाक्य, "इथं काय पाव भाजताय का?"

"सवय करून घे," मी म्हणालो. "पुढे जिथं जाणार आहेस तिथं याहून गरम आहे."

"तिथं निदान तू आधीच पोचलेला असशील."

तेरा आठवडे तो त्या खोलीत होता. फेब्रुवारीच्या वादळात चार दिवस वीज नव्हती, सगळा गाव कोट घालून झोपत होता, आणि आम्ही तिघं मॅलकीच्या पलंगाभोवती बाह्या सरसावून पत्ते खेळत होतो. तो धडधडीत फसवायचा. डिम्पना आरडाओरडा करायची आणि मध्येच उठून खाली जाऊन स्टोव्हमध्ये लाकूड घालून यायची. मी तिला इतकी सुखी कधी पाहिली नव्हती.

एप्रिलमध्ये तो सकाळच्या चहानंतर गेला. चहा पांचट आहे अशी तक्रार करून झाली होती.

अंत्यविधीवाला दुपारी आला. भला माणूस होता. त्याने मॅलकीला नीटनेटका काळा सूट घालून पलंगावर ठेवला, उशाशी मेणबत्त्या लावल्या, आणि हळूच म्हणाला, "दोन दिवस लोक येतील. खोली गार हवी. एवढा रेडिएटर बंद करता का?"

"त्याला चावी नाही," डिम्पना म्हणाली.

काहल जिन्यात उभा होता. तो चाचरत म्हणाला, "आता म्हणजे... तात्पुरती एक बसवता येईल. दहा मिनिटांचं काम आहे."

"कधीही, कुणीही नाही, असं तूच म्हणालास."

ती खाली येऊन स्टोव्हसमोर बसली. तेरा आठवड्यांत ती आग एकदाही विझली नव्हती. रात्री ती राखेखाली निखारे झाकून ठेवायची आणि पहाटे फुंकून जागे करायची. मी सवयीने अंगणातून ओंडका घेऊन आत आलो. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मी तो भिंतीशी ठेवून दिला. मग आम्ही दोघं काचेतून आत बघत बसलो. लाल होतं ते करडं झालं. लोखंड गार होताना टकटक वाजत राहिलं. तिने हात लावून पाहिला आणि तसाच ठेवला.

संध्याकाळी सगळा गाव लोटला. लोक वर जाऊन मॅलकीला पाहून यायचे आणि स्वयंपाकघरात कोट न काढता, कप दोन्ही हातांत धरून उभे राहायचे. हॅमची सँडविचं हातमोज्यांनी खाल्ली जात होती. शेवटी मला राहवेना.

"डिम्पना, माणसं गारठलीत. खालच्यापुरता थोडा पेटवू का?"

"खालच्यापुरता पेटत नाही तो," ती म्हणाली. "खाली पेटवला की वर त्याच्यापर्यंत पोचतो. मला तेच तर हवं होतं, फर्गल."

आणि कोटाची बटणं लावून ती येणाऱ्यांशी हात मिळवायला पुन्हा दारात जाऊन उभी राहिली.