उलटे प्रश्न

"ते उलटे प्रश्न काढून टाका, मॅडम. आकडा कसा चढतो बघा."

पुसदला माझ्या मार्गदर्शक सरांच्या घरी आम्ही लॅपटॉप उघडून बसलो होतो. मी उमरखेडला बी.एड.च्या मुलांना शिकवते. खेड्यांतून एसटीनं शाळेत येणाऱ्या नववी-दहावीच्या मुलींना प्रवासात कितपत सुरक्षित वाटतं, यावर माझं पीएच.डी.चं काम चालू होतं. प्रश्नावलीत प्रत्येक विधानापुढे 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत चौकटी होत्या. मधूनमधून काही विधानं मी मुद्दाम उलटी घातली होती. एके ठिकाणी 'बसमध्ये चढताना मला भीती वाटते', तर पुढं 'बसनं येताना मी निर्धास्त असते'. वाचून उत्तर देणारी मुलगी या दोन्हींवर एकच खूण करणार नाही.

ढाणकीच्या बाजूच्या एका शाळेतून आलेल्या गठ्ठ्यात जवळपास सगळ्यांनी तेच केलं होतं. कुणाची 'पूर्ण सहमत'ची रांग वरून थेट खाली, कुणाची 'असहमत'ची. भीतीही वाटते आणि निर्धास्तही वाटतं! त्यामुळे प्रश्नावली किती विश्वासार्ह आहे हे सांगणारा आकडा पार घसरला होता.

सरांनी उलटे प्रश्न काढले आणि आकडा खरंच उडी मारून वर गेला. जाणारच की. उत्तरं एकमेकांशी जुळतात का, एवढंच तो बघतो. न वाचता एकाच चौकटीतून खाली आलेली उत्तरं तर फारच छान जुळतात.

"पण सर, पोरींनी वाचलंच नाहीये हे."

"ते कोण बघतं? तक्त्यातला आकडा बघतात. आता पुढच्या प्रकरणाला लागा."

परत येताना मला त्या पोरींचाच संताप आला होता. यांच्यासाठी जीव काढायचा आणि यांना दोन ओळी वाचवत नाहीत? विचारावं तरी, म्हणून दुसऱ्या दिवशी मी ती शाळा गाठली. ज्या शिक्षकांनी कागद भरून घेतले होते ते स्टाफरूममध्येच भेटले.

"मीच सांगतलं होतं, मॅडम," ते आरामात म्हणाले. "कोणतीबी एक चौकट पकडा अन् खाली येत जा. माहा पोर्शन राह्यला होता. तुमाले भरलेले कागद पाह्यजे होते, भेटले ना?"

"तुम्ही वर्गातच होतात?"

"मंग? बेंचाजवळच उभा होतो. गडबड करतात ना थ्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "त्या पोरींना बसमध्ये काय सोसावं लागतं ते विचारलं होतं मी! आणि तुम्ही त्यांना चौकट पकडायला लावलीत?"

ते हसले. "एवढं काहून तापता? सर्व्हेच तर होता."

मी तडक मुख्याध्यापकांकडे गेले आणि एक तास मागून घेतला. ते शिक्षक वर्गाबाहेर राहतील, ही अटही घातली. कोऱ्या प्रश्नावल्या वाटल्या. कुणाचं नाव नको, कागद मी स्वतः गोळा करीन, असं मुलींना सांगितलं. मुली वाचू लागल्या. ओठ हलवत, खोडत, पुन्हा वाचत.

मागच्या बेंचवरच्या एकीनं हात वर केला. "मॅडम, बसमधलं अन् स्टँडवरचं येगयेगळं लिहू का? बसमधी मले भेव नाही लागत. स्टँडवर लागते."

"लिही. कागदाच्या मागं लिही."

"सर वाचतीन काय?"

"नाही. फक्त मी."

तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग हाताचा आडोसा करून बराच वेळ लिहीत राहिली. तिनं काय लिहिलं ते मी इथं सांगणार नाही. आधीच्या गठ्ठ्यात हीच मुलगी कुठंतरी खुणांची एक सरळ रांग होऊन पडली होती, या विचारानं घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

तो आधीचा गठ्ठा मी बाद केला, त्याच्या जागी हे नवे कागद घेतले आणि बाकीच्या शाळांचे कागद पुन्हा एकेक करून तपासले. उलटे प्रश्न ठेवूनच नव्यानं गणित मांडलं. आकडा बरा आला, पण तसा झगझगीत नाही.

"आधीचा चांगला होता," मार्गदर्शक सर म्हणाले.

"आधीचा खोटा होता, सर."

त्यांनी चष्मा काढला. "सही पाहिजे ना तुम्हाला?"

"पाहिजे. पण यावरच."

मग ते प्रकरण त्यांच्याकडं कितीतरी महिने पडून राहिलं. फोन केला की बाहेरगावी, घरी गेलं की झोपलेले. व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून बसून मी परत यायचे. शेवटी एकदा त्यांनी, "फार हट्टी आहात तुम्ही," म्हणत सही केली. त्यांचे सगळे विद्यार्थी सहीनंतर त्यांच्या पाया पडतात. मी कागद पिशवीत घातले, "येते," म्हटलं आणि चपला घालून निघाले.