कोळणीला मिळालेला ब

परळच्या आमच्या शाळेत चित्रकलेला वेगळी शिक्षिका आहे, म्हणजे मी आहे, हे बऱ्याच पालकांना निकालाच्या दिवशीच कळतं. पहिली ते चौथीचे वर्ग माझ्याकडे. आठवड्याच्या दोन तासांतला एक कवायतीला नाहीतर राहिलेल्या गणिताला जातो. तरी सत्र संपलं की प्रत्येक मुलासाठी मला श्रेणी द्यावी लागते, आणि सोबत एक ओळ लिहावी लागते. ‘आवडीने रंग भरते’, ‘निसर्गचित्र नीटनेटके काढते’. अशा तयार ओळी आम्हा शिक्षकांच्या ग्रुपवर फिरत असतात. आठ वर्षांच्या पोराच्या चित्राला ब द्यायचा की क, हे ठरवताना मला अजूनही कसंतरी होतं.

तिसरीत एक मुलगी होती, करी रोडच्या चाळीतून येणारी. वर्गात कागद दिला की ती आधी पट्टीने चौकट आखायची, मग एखादी रेघ काढायची आणि लगेच खोडायची. पुन्हा काढायची, पुन्हा खोडायची. तास संपेपर्यंत कागद विरून त्याला भोक पडलेलं असायचं. “घरी पूर्ण करून आणते, बाई,” म्हणायची. आणि दुसऱ्या दिवशी खरंच चित्र यायचं. एकदा तिने कोळीण आणली. कमरेवर हात ठेवून उभी, पुढ्यात टोपली, टोपलीत पापलेटं, लुगड्याचा काष्टा घट्ट आवळलेला. मानेचा झोक असा की आता ही बाई भाव सांगणार. ते चित्र आठ वर्षांच्या मुलीच्या हातचं नव्हतं, हे सांगायला चित्रकलेची पदविका लागत नाही.

मी ब दिला. अ देववेना आणि क लिहवेना. शिक्षकखोलीत बाकीचे म्हणाले, घरोघरी हेच चालतं, दे की अ, तुझं काय जातंय. त्याच आठवड्यात तपासणीला साहेब येणार होते. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, कोळीण पाहिली आणि ती मुलीच्या नावाची पट्टी लावून व्हरांड्यात लावून घेतली. साहेबांनी मुलीला बोलावून शाबासकी दिली. ती खाली बघत उभी राहिली. मग वर्गातल्या मुली वह्या घेऊन तिच्यामागे लागल्या, आम्हाला पण काढून दे ना तशी कोळीण. तिसऱ्या दिवशी ती माझ्या तासाला बाकाखाली जाऊन बसली आणि काही केल्या बाहेर येईना.

मी तिच्या आईला बोलावलं.

आई तिशीची असेल. घरी बसून ब्लाउजवर आरीचं भरतकाम करायची, बोटांच्या टोकांना बारीक टोचल्याच्या खुणा होत्या. मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात तिनेच सांगून टाकलं की चित्रं ती काढते. कणकवलीकडच्या गावात शाळेत असताना तिची चित्रं हेडमास्तरांच्या खोलीत लावलेली होती. दहावी झाली, लग्न झालं, मुंबईत आली. इथे एका खोलीत सहा माणसं. मी म्हटलं, काढा ना तुम्ही, पण तुमची म्हणून काढा, तिला तिची काढू द्या.

ती म्हणाली, “माझं म्हणून कागद घेऊन बसले तर सासूबाई विचारणार, काय गो, रिकामी बसलंस? मुलीचा अभ्यास म्हटलं की कोण काय बोलत नाही.”

मुलगी वर्गात बाकाखाली कशी जाऊन बसते ते मी सांगितलं. तिने मान डोलावली, आणि त्या दिवसापासून घरून चित्रं यायची बंद झाली.

वर्गात मी सगळ्यांचेच खोडरबर गोळा करून टेबलावर ठेवायला लागले आणि पेन्सिलीऐवजी काळे खडू दिले. पहिले काही तास ती नुसती बसून राहिली. मग एकदा तिने मांजर काढलं. चाळीच्या गॅलरीत पाण्याची पिंपं, चपलांचा ढीग, आणि मधून सुटलेलं मांजर. त्याला पाच पाय होते. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “पळतंय ना, म्हणून.” कागदाच्या कडेला अर्धी शेपूट बाहेर गेली होती, ती तिने बाकावर पुरी केली होती. बाक पुसायला मी शिपाईमामांना नको म्हटलं. दुसऱ्या सत्राला मी तिला अ दिला, आणि इतक्या वर्षांत एखादी श्रेणी अशी मोकळ्या मनाने लिहिल्याचं मला आठवत नाही.

निकालाच्या दिवशी आई आली. मी हौसेने मांजर तिच्यापुढे धरलं. तिने ते नीट पाहिलं, पाय मोजले असावेत. मुलगी तिच्या ओढणीला धरून उभी होती.

“याला अ?” आईने विचारलं. आवाजात राग नव्हता. “मग माझ्या कोळणीला ब का दिला होतात, बाई?”

मी म्हटलं की तो ब मुलीला होता, तुम्हाला नव्हता.

“चित्र तर माझं होतं.”

तुमचं चित्र उत्तमच आहे, असं मी म्हणाले. पण ते आता, मागितल्यावर म्हटल्यासारखं झालं, आणि आम्हा दोघींनाही ते कळलं. कोळीण परत मिळेल का, एवढंच तिने विचारलं. मी व्हरांड्यातून ती काढून आणली. नावाची पट्टी तिने नखाने हळूच सोडवली, पट्टी मुलीच्या हातात दिली आणि चित्राची सुरळी करून पिशवीत ठेवली.

चौथीत मुलगी माझ्या तासाला बडबड करत चित्रं काढायची, वेडीवाकडी, मनाला येतील तशी. आईचं विचारलं तर म्हणाली, आई आता काढत नाही, वेळच नसतो. शाळेची मागची भिंत रंगवायची होती, तेव्हा मी फाटकापाशी तिच्या आईला गाठून बोलावलं. बघते म्हणाली. लग्नसराईच्या ऑर्डरी आहेत म्हणाली. मी आणखी एकदा निरोप पाठवला. ती आली नाही. भिंतीवर शेवटी पाण्याच्या बचतीच्या घोषणा लिहिल्या गेल्या.

चौथीच्या निकालाला आईऐवजी वडील आले. ती दादरला ब्लाउजच्या दुकानात कामाला लागल्याचं त्यांनी सांगितलं, सकाळी जाते ती संध्याकाळीच येते. मुलीचा प्रवेश पाचवीला माटुंग्याच्या शाळेत घ्यायचा होता. चित्रकलेची श्रेणी तिथे धरतात का, असं त्यांनी मला विचारलं.

नाही धरत, मी म्हटलं.

“मग ठीक आहे,” ते म्हणाले आणि मुलीचा हात धरून जिना उतरले.